तीन बेल

माझ्यामुळे पुण्यात साडेचार हजार माणसं बेशुद्ध पडलेली आहेत. त्यात एक नगरसेवक आला, तालमीतले दोन वस्ताद आले आणि एक भूल देणारे डॉक्टरही आले, ज्यांचा उभा जन्म इतरांना बेशुद्ध करण्यात गेला होता. नगर रोडवरच्या एका मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक बंदिस्त जत्रा आहे. टकरा देणाऱ्या मोटारी, गोल फिरणाऱ्या कपबश्या, आरशांची खोली, आणि सगळ्यात शेवटी, शौचालयाच्या अलीकडे, भूतबंगला. त्या भूतबंगल्यात मी चार वर्षं खवीस होतो. रुळांवरून तीन माणसांची छोटी गाडी आत यायची, मी पेटीचं झाकण उघडून उभा राहायचो आणि माणसं पटापट पडायची.

वैशाली असती तर तिनं इथंच हात वर केला असता. "दहानं भाग." साडेचारशे. "अजून एकदा भाग." पंचेचाळीस. मग भाजी चिरता चिरता, "आणि बेशुद्ध नाही. एका बाईंना चक्कर आली होती. चतुर्थी होती त्या दिवशी."

आमच्या संसारात माझे आकडे असे दोन पायऱ्या उतरून जमिनीवर यायचे. बायकोला जाऊन सात महिने झाले. आता मी साडेचार हजार म्हटलं की ते साडेचार हजारच राहतात. समोरचा मान हलवतो. दुःखातल्या माणसाचं गणित कुणी तपासत नाही.

ती कशानं गेली ते इथं लिहीत नाही. सात महिने तेच सांगतोय आणि प्रत्येक वेळी ते दुसऱ्याच कुणाचं वाटतं, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर वाचल्यासारखं. मी रडलेलो नाही. हे फुशारकीनं सांगत नाही. वाशिमहून माझी बहीण आली, पंधरा दिवस राहिली, रोज समोर बसून वाट पाहायची. जाताना म्हणाली, "दादा, तू एकदाचा रडला असता तर मी निवांत गेली असती." मी तिला गाडीत बसवलं, पाण्याची बाटली दिली, खिडकीची काच वर केली. घरी येऊन कपडे वाळत घातले.

*

हे सगळं आठवायचं कारण एक हातमोजा.

दिवाळीच्या आधी आकाशकंदील काढायला मी माळ्यावर चढलो. मनू खाली स्टूल धरून उभी होती. मनू म्हणजे आमची मुलगी, नऊ वर्षांची. कंदिलाच्या खोक्यात, जुन्या पणत्यांच्या खाली, काळा लोकरी हातमोजा निघाला. एकच, उजव्या हाताचा. बोटांना वीतभर लांब नखं. तो वैशालीचा. भूतबंगल्यात ती हडळ होती आणि ही नखं एक्स-रेच्या जुन्या फिल्मची कापलेली होती. उजेडासमोर धरलं की एका नखात बरगडीची कड दिसते, एकात मणक्याचे दोन मणी. कुणाचे होते देव जाणे. त्या माणसाचं दुखणं कधीच बरं झालं असेल, किंवा नसेल.

मनूनं तो घातला. मी कंदिलाची वायर सोडवत बसलो. जरा वेळानं स्वयंपाकघरात जायला निघालो तर दारामागून ती एकदम समोर आली. पाच नखं माझ्या नाकाशी.

"भॉक."

हा आमच्या घरातला जुना खेळ. तो वैशालीनं सुरू केला. मी कामावरून आलो की मनू दारामागं लपायची आणि मी दचकायचो. नुसता नाही, भूतबंगल्यातल्या साडेचार हजारांचा सूड माझ्यावर उगवायचा. मी भिंतीला धडकायचो, सोफ्यावर कोसळायचो, मृत्युपत्र सांगायचो, "माझी स्कूटर मनूला द्या, हप्ते तिच्या आईला." वैशाली आतून ओरडायची, "आधी बूट काढ, मग मर." त्यातलं निम्मं नाटक असायचं. पण पहिला झटका, तो पाव सेकंद, तो खरा असायचा. मनूला तेवढाच हवा असायचा. पोरांना खरं लगेच कळतं.

त्या दिवशी पाच नखं नाकाशी आली आणि मी म्हणालो, "दूध प्यायलीस का?"

तिनं हात खाली घेतला. एकेक बोट हळूहळू काढलं, नखं मोडू नयेत म्हणून.

"बाबा, तू हल्ली दचकत नाहीस."

"दचकलो की."

"नाही. तू दूध म्हणालास."

त्यानंतर रोज संध्याकाळी दार उघडलं की मी दारामागं बघायचो. तिथं केरसुणी असायची. आठ दिवस केरसुणीच. पोरगी आता लपायचं कायमचं सोडून देईल, याची मला भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती. नुसती कळत होती, जशी परगावची पावसाची बातमी कळते.

नवव्या दिवशी तिनं विचारलं, "आई जिथं भूत होती ती जागा अजून आहे?"

*

हिंजवडीहून नगर रोडला जायचं म्हणजे वाटेत तीन ऋतू लागतात. मनू निघाली तेव्हा नऊ वर्षांची होती. येरवड्याच्या चौकात पोचेपर्यंत तिला दहावं लागलं असावं. बुधवार होता, शाळेला सुट्टी, दुपारचे तीन. मॉलची निम्मी शटरं खाली. सरकता जिना थांबलेला, म्हणजे साधा जिना झालेला. दुसऱ्या मजल्यावर एक कपड्यांचं दुकान आवरत होतं आणि दारात नागव्या पुतळ्यांची रांग उभी होती, एकमेकांच्या खांद्याला टेकून, पीएमटीच्या थांब्यावरच्या माणसांसारखी.

तिसऱ्या मजल्यावर पाय ठेवायच्या आत वास आला. धुराच्या मशिनचा. तो धूर धुरासारखा नसतोच. गोडसर असतो, खोकल्याच्या औषधाची बाटली उन्हात तापावी तसा. त्यात शेजारच्या लाह्यांचं लोणी, डांबरगोळ्या, नवं रबर, थोडा घाम. मी पंधरा वर्षांनी तो वास घेतला आणि थांबलो. मला वाटलं होतं काहीतरी होईल. वासानं म्हणे माणसं कोसळतात. मी उभा राहिलो, वास घेतला, आणि लक्षात आलं की धुराचं द्रावण आता स्वस्तातलं वापरतात.

मी वाशिमहून वाघोलीच्या एका कॉलेजात डिप्लोमा करायला आलो होतो. खोलीवर सहा जण, गादी एक. कुणीतरी सांगितलं, मॉलमध्ये भुतं भरती करतायत. मालकाची इच्छा परदेशी भुतांची होती: पांढरेफटक चेहरे, काळे डगले, वटवाघळं. पहिल्या आठवड्यात पुणेकर आले, गाडीत मांडीवर पिशवी घेऊन बसले आणि भुतांकडे सदाशिव पेठेतल्या भाडेकरूकडे बघावं तसं बघून बाहेर पडले. एका आजींनी तर डगलेवाल्याला आतच विचारलं, "अहो, आपण जरा बाजूला होता का? मागचं दिसत नाहीये." मग मालकाला अक्कल आली. डगले गेले. खवीस आला, हडळ आली, मुंजा आला, एक पाय उलटा असलेली म्हातारी आली. एकूण सात. त्यानंतर मात्र आरडाओरडा खालच्या वाहनतळापर्यंत ऐकू जायला लागला. वाहनतळापर्यंत कशाला, विमानतळापर्यंत. दोन विमानं परत फिरली.

बरं, एक फिरलं.

उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आमचा सुगीचा हंगाम. बाहेर डांबर वितळायचं आणि आत आम्ही रबराच्या मुखवट्याखाली शिजायचो. मुखवटा काढला की हनुवटीवरून घामाची धार लागायची, आणि रक्त म्हणून लावलेलं गुलाबाचं सरबत त्यात मिसळायचं. सरबताला मुंग्या यायच्या. वैशाली ज्या फायबरच्या खोट्या विहिरीतून वर यायची, तिच्याकडे मुंग्यांचा असा एक रस्ता झाला होता की त्याला महापालिकेनं नाव द्यायचं बाकी होतं. ती विहिरीत बसून एका हातानं मुंग्या झटकायची आणि दुसऱ्या हाताची नखं काठावर ठेवून गाडीची वाट बघायची. गणपतीत मात्र सगळं शहर रस्त्यावर, आमच्याकडे चिटपाखरू नाही. मग सातही भुतं माझ्या पेटीवर डबे मांडून जेवायची. म्हातारीचा उलटा पाय बाजूला काढून ठेवलेला. कुत्र्याच्या रडण्याची रेकॉर्ड चालूच असायची, चार मिनिटांची, फिरून फिरून तीच; त्या रडण्यावर आम्ही भात कालवलेला आहे. दिवाळीत जोडपी यायची. परीक्षांच्या दिवसांत कुणीच नाही. कधी वीज गेली आणि साधे दिवे लागले की सगळं एकदम केविलवाणं दिसायचं. थर्माकोलच्या कवट्या, लोंबणाऱ्या वायरी, भिंतीवर चिकटवलेलं च्युइंगम, आणि मध्ये उभे आपण. वैशाली म्हणायची, "भूतबंगल्यात भीती वाटायला उजेडच लागतो."

ती कधी किंचाळली नाही. बाकीचे सगळे घसे फाडायचे, ती विहिरीतून वर यायची, गाडीच्या डाव्या बाजूला वाकायची आणि माणसाच्या कानाशी अगदी हळू, घरातल्या आवाजात म्हणायची, "सरक जरा." जणू आता ती शेजारी बसणार. बस. एवढंच. माझ्या पेटीपाशी हसत गेलेले पैलवान तिच्या विहिरीपाशी आईला हाका मारायचे.

*

आता शालनताई आणि बेल.

गाडी जिथून सुटते त्या दारावर शालनताई बसायच्या. येरवड्याच्या. त्याआधी त्यांनी एका हॉस्पिटलात बावीस वर्षं आया म्हणून काम केलेलं. एक्स-रेच्या फिल्म त्यांनीच आणलेल्या. भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, आणि या दोघांसमोर भुतांचं नाव काढायची सोय नव्हती. मालक मात्र दर शनिवारी भूतबंगल्याच्या दाराला लिंबू-मिरची बांधायचा, म्हणजे भुताच्या घरात भूत शिरू नये. शालनताई तो निघून गेला की लिंबू सोडवून दुपारी डाळीवर पिळायच्या. "बाधा व्हायची तर मला होईल," म्हणायच्या. "लिंबू का वाया घालवायचं?"

त्यांच्या हाताशी दोन बटणं होती. एक गाडी सोडायचं. दुसरं साधं, दारावरच्या बेलचं. त्याची वायर त्यांनी इलेक्ट्रिशियनला चहा पाजून आतपर्यंत नेऊन घेतली होती. एसटीचा कंडक्टर जसा ड्रायव्हरशी बेलवर बोलतो तशा त्या आमच्याशी बोलायच्या. एक बेल: माणसं धडधाकट आहेत, जीव तोडून घाबरवा. दोन बेल: लहान मूल आहे, बेतानं. तीन बेल झाल्या की घाबरवायचं नाही. नुसतं गप्प बसायचं नाही, उभं राहायचं आणि गाडीकडे पाठ फिरवायची. सातही भुतांनी. गाडी निघून जाईपर्यंत तोंड दाखवायचं नाही.

मी एकदा विचारलं होतं, "ताई, तीनवाला माणूस मुळात येतोच कशाला भूतबंगल्यात?"

"तुझ्यासाठी येत नाही तो," त्या म्हणाल्या. "त्याला जरा वेळ अंधारात बसायचं असतं. घरी बसला तर लोक दिवा लावतात."

"आणि पाठ का?"

"ज्याला आधीच दिसतंय, त्याला आणखी काय दाखवायचं?"

त्यांना ते कसं कळायचं ते मला कधी कळलं नाही. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसलेली माणसं बावीस वर्षं बघितली की कळत असावं. त्या चेहऱ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. चपलांकडे बघायच्या, आणि पिशवी कशी धरलीय त्याकडे.

मार्चमधली एक दुपार. जत्रा रिकामी. पन्नाशीची एक बाई एकटी आली, ऑफिसची साडी, पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. हे मला नंतर कळलं. मी पेटीत आडवा होतो आणि कानात मॅचची कॉमेंटरी होती. शेवटची ओव्हर, अकरा हवे होते. तीन बेल वाजल्या, त्यातली शेवटची तेवढी ऐकू आली. एक. मी चौकार ऐकला, झाकण उडवलं आणि सगळं काही दिलं. आवाज, हात, जीभ.

ती बाई किंचाळली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती रडायला लागली. दचकून नव्हे, मघाशी कुठंतरी अर्धवट सोडलेलं रडणं परत हातात घ्यावं तशी. आणि गाडी थांबत नाही. रूळ आहेत, ते नेतात. मी जीभ बाहेर काढून उभा आणि ती रडत रडत पुढच्या वळणावरून गेली. मुंज्यानं पाठ फिरवलेली, म्हातारीनं फिरवलेली. सगळ्या भुतांना बेल नीट ऐकू आली होती.

विहिरीपाशी वैशालीचीही पाठ होती. रडणं ऐकून ती वळली. विहिरीच्या काठावरून बाहेर पडली, विग, नखं, सरबत, सगळ्यासकट, आणि चालत्या गाडीला हात लावून म्हणाली, "सरका जरा, ताई."

तेच शब्द. तोच घरातला आवाज. बाई सरकली. वैशाली बसली.

गाडी उजेडात आली तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो खेळाचा भाग वाटला. हडळ आणि ती बाई हातात हात घालून बसल्या होत्या. शालनताईंनी पाणी आणलं. बाई पाच मिनिटं स्टुलावर बसली. कुणी काही विचारलं नाही. निघताना तिनं पदराच्या टोकानं वैशालीच्या हनुवटीवरचं रक्त पुसलं. मग पदराकडे बघून म्हणाली, "गुलाबाचं आहे वाटतं." आणि गेली.

मी पेटीतून उठून बाहेर आलो होतो. शालनताईंनी माझ्या गळ्यात लोंबणाऱ्या वायरीकडे पाहिलं.

"ऐकू येत नाही का तुला?"

"मॅच होती."

"जिंकलो का?"

"हो."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या गाडीचा मांडीवरचा दांडा वर केला. पुण्यात मला पुष्कळ जण पुष्कळ बोललेत, पण त्या दोन शब्दांची खूण अजून आहे.

त्या संध्याकाळी बसच्या थांब्यावर मी गप्प होतो. वैशालीनं जरा वाट पाहिली. "आज काही फेकायचं नाही?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मग तुझ्याशी लग्न करायला हरकत नाही." आता खरं सांगायचं तर ती हे त्या संध्याकाळी म्हणाली नाही. मध्ये दोन वर्षं गेली. पण गोष्टीत दोन वर्षं कोण थांबतो. आणि हल्ली मला ते त्याच संध्याकाळी म्हटल्यासारखं आठवतं, अडवणारं कुणी नाही, तेव्हा राहू दे.

*

शालनताई तिथंच होत्या. त्याच स्टुलावर, अंगात स्वेटर, चष्म्याला दोरी. समोर रांग नव्हती.

"काय रे खवीस," त्या म्हणाल्या. जणू मी चहा प्यायला गेलो होतो. "टक्कल पडलं."

"भुतांचे केस लवकर जातात, ताई."

"भुतांचे नाही. थापाड्यांचे." मग मनूकडे बघून, "ही?"

"मनू."

"नाक तिचं घेतलंय. बरं केलं."

आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं, थांबलेल्या जिन्याकडे. कुणी गाडी लावून मागून येत असेल तर आपण जसं बघतो तसं. थोडा वेळ बघितलं. मग माझ्या चपलांकडे. मग मी मनूची पाण्याची बाटली धरली होती त्या हातांकडे. वैशाली कुठंय असं त्यांनी विचारलं नाही. मी तोंडात वाक्य तयार ठेवलं होतं, नोटीस बोर्डावरचं. ते तसंच राहिलं.

मनूनं पिशवीतून हातमोजा काढला. "आजी, हा तुमच्याकडचा आहे."

शालनताईंनी तो घेतला, एक नख ट्यूबलाइटसमोर धरलं, बरगडी पाहिली, आणि परत दिला. "तुझ्याकडेच ठेव. इथं हरवेल."

आम्ही बसलो. मनू भिंतीच्या बाजूला, मध्ये मी, माझ्या डावीकडची जागा मोकळी. शालनताईंनी दांडा मांडीवर आणला, दोनदा हलवून पाहिला. येताना सगळ्या रस्त्यात मी मनूला बेलची भाषा शिकवली होती, त्यामुळे ती आता बोटं वर करून तयार होती.

"तुझ्यासाठी दोन वाजतील," मी म्हणालो. "तू लहान आहेस."

"एक वाजली पाहिजे. मी वाशिमच्या जत्रेत कपबशीत पण ओरडले नव्हते."

गाडी हिसका देऊन निघाली. रबराच्या पट्ट्या चेहऱ्यावरून गेल्या. अंधार.

बेल वाजली. "एक," मनू म्हणाली. परत वाजली. "शी. दोन."

मग तिसरी वाजली.

मनूचं तिसरं बोट वर झालं की नाही ते अंधारात दिसलं नाही. पुढं माझी पेटी होती. झाकण उघडं, आत कुणीतरी नवा खवीस उभा, आमच्याकडे पाठ करून. फाटक्या झग्यातून त्याच्या टी-शर्टवरचं मॉलचं नाव दिसत होतं. वळणावर मुंजा, पाठ. म्हातारीनं उलटा पाय घातला होता, त्यामुळे तिची पाठ आमच्याकडे असून पायाची बोटंही आमच्याकडेच होती. कुत्र्याची रेकॉर्ड कुणीतरी बंद केली. चाकांचा आवाज तेवढा राहिला. एकामागून एक पाठी येत होत्या आणि जात होत्या, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारख्या. कुणी हललं नाही. या पोरांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक, की तीन वाजल्या.

"बाबा, बिघडलंय का?"

"नाही. तीन वाजल्या ना."

"कुणासाठी?"

"लहान मुलांसाठीही वाजवतात कधीकधी."

"लहान मुलांसाठी दोन असतात. तूच सांगितलंस." चाकं रुळांचे दोन जोड ओलांडून गेली. "आणि मी कुठं घाबरते?"

मी पाण्याच्या बाटलीचं झाकण आवळलं.

विहीर आली. फायबरला तडा गेला होता, वर पट्टी मारलेली. आत एक मुलगी पाठमोरी उभी, कमरेपर्यंत मोकळे केस. इथं थाप मारायला भरपूर जागा आहे. मी सांगू शकतो की कानाशी कुजबुज आली, की सरबताचा वास आला, की त्या मुलीनं जराशी मान वळवली आणि नाक ओळखीचं होतं. तसं काही झालं नाही. ती कुणीतरी पाठमोरी मुलगी होती. डाव्या हातानं मानेवरून मुंगी झटकत होती.

फक्त मी सरकलो. कुणी सांगितलं नव्हतं. मनात काही आलं नाही. कंबर तेवढी उचलली गेली आणि उजवीकडे गेली, एक माणूस बसेल इतकी.

"बाबा, चेपतेय मी."

"हं."

"कुणी बसलं का?"

"नाही."

"मग परत सरक ना तिकडं."

"राहू दे," मी म्हणालो. "वळण संपेपर्यंत."

ती भिंतीला चिकटून बसून राहिली.

उजेडात आलो. शालनताईंनी दांडा वर केला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी सुरू केलं, "बघितलंत ताई, हजार भुतं होती आत, पण एकाची हिंमत झाली नाही माझ्याकडे बघायची."

"सात होती," मनू म्हणाली. समोर बघत. "मी मोजली."

मी तिच्याकडे पाहिलं. ती हातमोजा घालत होती, एकेक बोट, जपून.

"आजी, आम्हाला परत जायचंय. पण आता एकच वाजवा."

"तुझ्यासाठी एक चालेल," शालनताई म्हणाल्या. "याचं काय?"

"त्याला पण एकच. त्याला दचकायला यायला पाहिजे परत. नाहीतर मी लपून काय उपयोग?"

शालनताईंनी हात बटणावरून काढून मांडीवर ठेवले. आता त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, चपलांकडे नाही. सात महिन्यांत मला सगळ्यांनी विचारलं होतं, कसा आहेस, जेवतोस का, झोप लागते का. सगळ्यांना मी ठीक म्हटलं होतं.

"किती वाजवू रे, खवीस?"

मला दारामागची केरसुणी दिसली. इथं ठीक म्हणून चालण्यासारखं नव्हतं. आकडा द्यायचा होता, आणि तो भागून देणारं कुणी नव्हतं.

"एक."

"नक्की?"

"एकच, ताई."

दांडा खाली आला. त्यांनी तो दोनदा हलवून पाहिला. गाडीनं हिसका दिला, रबराच्या पट्ट्या चेहऱ्यावरून गेल्या.

बेल वाजली.

मी दुसरीची वाट पाहिली. शेजारी मनूनं श्वास धरला होता, म्हणजे तीही पाहत होती. चाकं एक जोड ओलांडून गेली, मग दुसरा. दुसरी बेल आली नाही. पुढं कुत्रं रडायला लागलं. त्याच्याही पुढं, अंधारात, पेटीचं झाकण करकरलं. त्या बिजागरीला तेल घालायचं नाही हा माझाच नियम होता, अजून कुणी मोडला नव्हता.

मी दांडा दोन्ही हातांनी धरला.